कपाटातली तेवीस पाकिटं

समजा, तुमच्यासमोर कॉम्प्युटरवर एक फॉर्म उघडा आहे. बेचाळीस प्रश्नांचा. तुमची कंपनी छोटी, चोपन्न माणसांची. ही माणसं दुसऱ्यांच्या गोदामांत झाडू मारतात, फरशी पुसतात, संडास धुतात. ज्यांचं सगळ्यात मोठं गोदाम तुम्ही साफ करता, त्यांनी हा फॉर्म पाठवलाय. त्यांना जाणून घ्यायचंय की तुमच्याकडे, किंवा तुम्ही ज्यांच्याकडून कामं करून घेता त्यांच्याकडे, कुणाला वेठीला तर धरलेलं नाही ना. तुम्ही वाचत जाता. कामगाराला कोंडून ठेवता का? नाही. मारहाण? नाही. काम सोडायला बंदी? छे! बोटं भराभर चालतात. मग सतरावा प्रश्न येतो: कामगाराची मूळ कागदपत्रं त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या ताब्यात आहेत का?

इथे तुम्ही किती वेळ थांबाल?

अफीफा दोन सेकंदही थांबली नाही. तिनं ‘नाही’वर क्लिक केलं आणि अठरावा प्रश्न वाचायला घेतला. तिच्या खुर्चीमागे, हात लांबवला तर लागेल इतक्या अंतरावर, एक हिरवं लोखंडी कपाट होतं. जन्मापासून ती ते कपाट बघत आली होती, म्हणूनच बहुतेक ते तिला दिसलं नाही.

अफीफा अठ्ठावीस वर्षांची. भिवंडीतच वाढली, आयटीची पदवी घेतली, ठाण्यात चार वर्षं नोकरी केली आणि मग अब्बांच्या कंपनीत आली. कंपनीची गोष्टही भिवंडीसारखीच आहे. तिच्या आजोबांचे बारा माग होते. मागांच्या शेडमध्ये कापसाचा भुगा साचतो. छताला, पंख्याला, माणसांच्या भुवयांना. अब्बा, म्हणजे यूनुसभाई, आखातातून परत आले तेव्हा माग तोट्यात होते. त्यांनी दोन माणसं घेऊन आधी स्वतःच्या आणि मग शेजारच्या शेडमधला भुगा काढायचं काम सुरू केलं. “माग विकले, झाडू राहिला,” असं ते पाहुण्यांना हसत सांगतात. पुढे कशेळीच्या बाजूला मोठमोठी गोदामं झाली आणि झाडूला बरे दिवस आले.

अफीफानं हजेरीचा कागद बंद करून मोबाईलवर हजेरी आणली. ‘संडास दर तासाला तपासला’ अशी सही सकाळीच दहा वेळा करून टाकायची पद्धत मोडून काढली. तिला खोटी टिक आवडत नाही. म्हणून फॉर्मचा शेवटचा भाग आला, ‘तुमचे पुरवठादार’, तेव्हा घरबसल्या टिक न मारता ती स्कूटर काढून कामतघरला गेली. तिथे हरेशचा कपडे धुण्याचा कारखाना आहे. कंपनीचे सगळे युनिफॉर्म तिथे धुतले जातात.

हरेशकडे बाहेरगावचे नऊ जण कामाला होते, मशीनच्या वरच्या माळ्यावरच राहायचे. अफीफानं त्यांच्यातल्या एकाला बाजूला घेऊन हिंदीत विचारलं, आधार कार्ड कुठंय? तो म्हणाला, “सेठ के पास.” दुसरा तेच म्हणाला. तिसऱ्यानं नुसतं ड्रॉवरकडे बोट दाखवलं. ड्रॉवरमध्ये नऊ कार्डं होती, रबरबँड लावून.

“हरेशभाई, ही इथे का?”

“मग कुठे ठेवू, फ्रीजमध्ये?”

“ज्याची त्याला द्या.”

“देतो की! आणि उद्या सकाळी मशीनवर कोण उभं राहणार, तुम्ही? अहो, तो कोपऱ्यातला बघा. त्याची आजी आतापर्यंत तीनदा वारलीय. कार्ड हातात असतं तर तो प्रत्येक आजीला गावाला गेला असता.”

“मग जाऊ द्या. काम सोडायचं असेल तर सोडू द्या. तुम्ही कार्ड धरून माणूस धरताय.”

हरेशनं ड्रॉवर शांतपणे बंद केला. “अफीफाताई, राग मानू नका, एक बोलू? सहा वर्षं तुमच्या अब्बांकडे सुपरवायझर होतो मी. ही पद्धत काय मी कॉलेजात शिकलो? आधी तुमच्या हिरव्या कपाटाचा वरचा खण उघडा. मग मला शिकवा.”

परतताना स्कूटरवर तिला सगळ्यात जास्त राग आला तो हरेशच्या शांतपणाचा. थाप मारणारा माणूस इतका निवांत नसतो.

ऑफिसात अब्बा चहा पीत होते. कपाटाची चावी त्यांच्या कमरेच्या जुडग्यात असायची.

“अब्बा, वरचा खण उघडा.”

“कशाला?”

“बघायचंय.”

त्यांनी उघडला. आत लग्नपत्रिकांची जुनी पाकिटं नीट रचून ठेवली होती. प्रत्येकावर अब्बांच्या टपोऱ्या अक्षरात एक नाव. बारक्या. किशन. बुधी. अफीफानं मोजली. तेवीस. आत आधार कार्डं, जातीचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले, एकात तर कुणाचा तरी बाळपणीचा लसीचा पिवळा कागद. ही सगळी वज्रेश्वरीच्या बाजूच्या पाड्यांवरची माणसं, कंपनीतली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात कमी बोलणारी.

“ही अमानत आहे,” अब्बा म्हणाले. “पुराच्या साली यांच्या झोपड्यांत पाणी शिरलं. कागदांचा लगदा झाला. बारक्याला दाखला परत काढायला तालुक्याला अकरा चकरा माराव्या लागल्या. तेव्हा हे लोक आपण होऊन आले माझ्याकडे. शेट, तुमच्याकडे ठेवा. मी कुणाच्या हातातून ओढून घेतलं का?”

“नाही.”

“कुणी मागितलं आणि मी दिलं नाही, असं झालंय?”

“मला माहीत नाही.”

“मला माहीत आहे. एकदाही नाही.”

“मग फॉर्ममध्ये ‘होय’ लिहू. आहेत आमच्या ताब्यात, असं.”

अब्बांनी कप खाली ठेवला. “म्हणजे मी गुलाम ठेवतो असं लिहिणार तू? माझ्याच कॉम्प्युटरवर बसून?”

त्यांचं दुखणं अफीफाला कळत होतं. दादी, म्हणजे अब्बांची आई, हयात होती तेव्हा अर्धा मोहल्ला तिच्याकडे काही ना काही ठेवून जायचा. हजला निघालेल्यांच्या बांगड्या, परदेशी गेलेल्यांच्या घराचे कागद. वीस वर्षांनी आलेल्या माणसालाही त्याची पुरचुंडी गाठ न सोडता परत मिळायची. अमानत सांभाळणारं घर ही या कुटुंबाची इभ्रत. तिच्यावर एका फॉर्मनं बोट ठेवलं होतं.

पण अब्बांच्या बोलण्यात एक भोक होतं आणि ते अफीफाला दिसलं. ज्यांनी कागद मागितले त्यांना मिळाले, हे खरंच असेल. विचारायला हवं होतं ते ज्यांनी मागितलेच नाहीत त्यांना.

सोमवारी दुपारी ती कशेळीच्या गोदामात गेली. जेवणाच्या सुट्टीत बायका रॅकच्या मागे पुठ्ठे अंथरून बसतात. बुधी तिथे होती. पंचेचाळिशीची, शिडशिडीत. फरशी घासणारं मोठं मशीन असतं, ज्यावर बसून ते गाडीसारखं चालवतात. कंपनीत ते नीट चालवणारी बुधी एकटी. पुढच्या मंगळवारी गोदामवाल्यांची माणसं कंपनीची तपासणी करायला येणार होती आणि त्या दिवशी फरशी आरशासारखी ठेवायची तर मशीनवर बुधीच हवी, हे अफीफाला ठाऊक होतं.

“बुधीमावशी, तुमचे कागद आमच्याकडे आहेत. त्याचा काही त्रास?”

“न्हाय ताई. बरं हाय.”

“परत हवेत का?”

“ऱ्हाऊ दे. बरं हाय.”

अफीफाला कळलं की प्रश्नच चुकतोय. उत्तर आधीच शिवून आणलंय असं वाटत होतं. ती पुठ्ठ्यावर बसली, बुधीच्या डब्यातली सुकटीची चटणी मागून घेतली आणि थोड्या वेळानं वेगळं विचारलं. “कागद घरी असते, तर एवढ्यात कुठे लागले असते?”

बुधी भाकरीचा तुकडा बोटांत फिरवत राहिली.

“साळंत सयपाकाला बाई पायजे,” ती म्हणाली. “आश्रमशाळा. आमच्या पाड्यावरून चालत जावं एवढी लांब. शुक्रवारपर्यंत असली दाखला दाखवायचा. झेरॉक्स चालत न्हाय.”

बुधी रोज पहाटे घर सोडते. एसटीनं भिवंडी, तिथून कंपनीचा टेम्पो, मग कशेळी. संध्याकाळी तेच उलट.

“मग मागायचा ना दाखला!”

“दोन सालांमागं मागला व्हता. अंगणवाडीत जागा व्हती. शेट बोलला, कशाला पायजे गं बुधी? चांगला बोलला, हसून बोलला. आता मी काय सांगू? तुझं काम सोडून चालली, असं त्याच्या तोंडावर सांगू? पोर आजारी व्हती तवा त्याच्याच गाडीतनं दवाखान्यात नेली. मी बोलली, असंच. तो बोलला, असंच तर ऱ्हाऊ दे, इथं सांभाळून हाय. मंग ऱ्हाऊ दिला.”

“आणि अंगणवाडी?”

“ती दुसरीला गेली.”

“आणि ही शाळा?”

“आता पन शेट इचारंलच ना, कशाला पायजे.”

शेजारची नेत्रा हे ऐकत होती. “बुधी गेली तर मशीन कोण चालवंल? मी बसले तर गोदामाची भिंत फोडून थेट खाडीत!” सगळ्या हसल्या, बुधीही हसली. अफीफाला हसू आलं नाही. अब्बा म्हणाले होते ते खरंच होतं, त्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी फक्त विचारलं होतं.

संध्याकाळी नमाजनंतर अब्बा ओट्यावर बसले होते. अफीफानं बुधीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, एकही शब्द न बदलता.

“मी सहज विचारलं होतं,” अब्बा म्हणाले. “माणूस विचारतो.”

“हो.”

“तिनं सांगितलं असतं तर मी पेढे दिले असते तिला.”

“माहीत आहे अब्बा. पण तिला माहीत नव्हतं.”

मग त्यांनी जे सांगितलं ते अफीफानं आजवर तुकड्यातुकड्यांत ऐकलं होतं, असं सलग कधीच नाही. आखातात ते सात वर्षं वायरमन होते. सगळ्यांचे पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे तिथल्या मालकाकडे, एका ड्रॉवरमध्ये असायचे.

“माझा कफील वाईट नव्हता. ईदला कपडे द्यायचा. दादी आजारी पडल्याचा फोन आला, तेव्हा मी तीन दिवस त्याच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. आत जाऊन बोलायचं काय? तो विचारणार, कशाला पाहिजे. सीझन होता, कामं अंगावर होती. सांगितलं असतं तर दिला असता त्यानं. नक्की दिला असता.”

“मग?”

“चौथ्या दिवशी मागितला. त्यानं लगेच दिला. घरी पोचलो तेव्हा दफन होऊन दोन दिवस झाले होते.”

आतून अम्मीनं चहाला हाक मारली, दोघंही उठले नाहीत.

“ठीक आहे,” अब्बा शेवटी म्हणाले. “मंगळवारची तपासणी होऊ दे. मग सगळ्यांचं सगळं देऊन टाकू. आता बुधी गेली तर फरशीचे तीनतेरा वाजतील.”

“शुक्रवार मंगळवारच्या आधी येतो, अब्बा.”

“चार दिवसांनी काय फरक पडतो?”

“तुम्हीच सांगा.”

त्यांनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की ती क्षणभर घाबरली. मग त्यांनी जुडगा काढला, हिरव्या कपाटाची चावी नखानं सोडवली आणि तिच्या हातात दिली. चावी कड्यातून सुटायला वेळ लागला. वर्षानुवर्षं ती कधी सुटलीच नव्हती.

बुधवारी दोघंही तेवीस पाकिटं घेऊन कशेळीला गेले. अफीफानं जाताना गाडीत एकच नियम सांगितला. कुणालाही ‘कशाला’ विचारायचं नाही. ‘सांभाळून ठेव’ही म्हणायचं नाही. पाकीट द्यायचं, आतले कागद त्याला बघू द्यायचे, बस. अब्बांनी मान डोलावली. बारक्या पुढे आला, पाकीट घेऊन छातीशी धरलं, तेव्हा अब्बांचं तोंड उघडलं आणि परत मिटलं. किशनच्या वेळी ते खोकले.

बुधी शेवटी आली. कागद उलगडून तिनं दाखल्यावरचा शिक्का अंगठ्यानं चाचपला. मग मान वर करून म्हणाली, “शेट, मी चालली. साळंत.”

“बरं,” अब्बा म्हणाले. मग न राहवून, “गाडी पाठवू उद्या?”

“नको. यष्टी हाय.”

पण ती लगेच गेली नाही. गुरुवारचा अख्खा दिवस तिनं नेत्राला मशीन शिकवण्यात घालवला. नेत्रानं एका खांबाचा रंग खरवडला, खाडीपर्यंत काही गेली नाही. शुक्रवारी बुधी शाळेत दाखला घेऊन हजर होती. तिला काम मिळालं.

त्याच गुरुवारी अफीफानं फॉर्म पुन्हा उघडला आणि सतराव्या प्रश्नापुढे ‘होय’ केलं. खाली जागा होती तिथे लिहिलं की तेवीस जणांचे कागद आमच्याकडे होते, ते आता परत दिले आहेत आणि या सवयीमुळे एका बाईची एक नोकरी हुकली आहे. अब्बांनी तिच्या खांद्यावरून ते वाचलं. “‘सवयीमुळे’ काढ,” ते म्हणाले. “‘आमच्यामुळे’ लिही.”

दुसऱ्या दिवशी गोदामवाल्यांच्या ऑफिसातून भाविकाचा फोन आला. फॉर्म तपासायचं काम तिचं.

“मॅडम, सतराव्याला चुकून ‘होय’ पडलंय का?”

“चुकून नाही.”

“अहो, ‘होय’ असलं की फॉर्म लाल होतो. आत्तापर्यंत एकाचाही लाल झाला नव्हता, मला माहीतच नव्हतं तो होतो म्हणून. सगळे ‘नाही’ लिहितात.”

“मग तुम्ही त्या सगळ्यांची कपाटं बघायला जा,” अफीफा म्हणाली.

मंगळवारी तपासणी झाली. फरशी आरशासारखी नव्हती. कंपनीचं काम गेलं नाही, पण तीन महिने देखरेखीखाली राहिलं. तेवढं सोसावं लागलं.

हरेशकडे ती पुन्हा गेली, या वेळी आधी स्वतःच्या कपाटाचं सांगून. “तुमचं बरोबर होतं. आमचं कपाट रिकामं झालं. आता तुमचा ड्रॉवर. नाहीतर आमचे युनिफॉर्म दुसरीकडे धुतले जातील. आणि दर महिन्याला मी येणार, पोरांशी बोलणार, तुम्ही बाहेर चहा प्यायचा.” हरेशनं बडबड केली, पण कार्डं दिली. नऊपैकी एक गेला, आठ राहिले. जो गेला त्याची आजी या खेपेला खरंच आजारी होती.

पण उंदीर, गळकं छप्पर आणि पूर या गोष्टी खोट्या नव्हत्या. काही दिवसांत पाच-सहा जण कागद घेऊन परत आले. घरात ठेवायला जागाच नाही. अफीफानं एका फॅब्रिकेटरकडून लोखंडी खणांचं एक कपाट बनवून घेतलं. चोवीस छोटे खण, प्रत्येकाला वेगळं कुलूप. एका कुलपाला एकच चावी, दुसरी कुणाकडेच नाही, तिच्याकडेही नाही. ते कपाट ऑफिसात नाही, कशेळीला, बायका-पुरुष कपडे बदलतात त्या खोल्यांच्या मधल्या बोळात ठेवलं. कुणाच्याही डोळ्यासमोर न येता उघडता यावं म्हणून. अकरा जणांनी खण घेतले.

तिला वाटलं, आता झालं.

मग एक दिवस बारक्या ऑफिसात आला आणि त्यानं आपल्या खणाची चावी तिच्या टेबलावर ठेवली.

“ताई, ही तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे.”

“का हो, बारक्यादादा?”

“पाड्यावर हरवंल.”

“हरवली तर कुलूप तोडू आणि नवं बसवू. चावी तुमचीच.”

“तुझ्यावर भरवसा हाय ना!” तो म्हणाला आणि टेम्पो सुटेल म्हणून पळाला.

अफीफानं दुसऱ्या दिवशी चावी त्याच्या हातात दिली. तिसऱ्या दिवशी ती परत टेबलावर होती. चौथ्या दिवशी शेजारी किशनची चावीही आली. अब्बा त्या दोन चाव्यांकडे बघत म्हणाले, “घेतली तर पाप, नको म्हटलं तर अपमान. सोपं नाही बेटा.” तिनं त्या घेतल्या नाहीत. खिळ्यावर टांगून ठेवल्या आहेत, जिथून कुणालाही आपली उचलता येईल. पण तिला स्वतःलाच ते उत्तर पुरेसं वाटत नाही.

तीन महिन्यांची देखरेख संपली तेव्हा फॉर्म पुन्हा भरायचा होता. सतराव्या प्रश्नापुढे तिनं बराच वेळ थांबून ‘नाही’ केलं. आणि अगदी खाली, ‘इतर काही सांगायचंय का’ अशा चौकोनात, तिनं आपल्याकडून त्रेचाळिसावा प्रश्न घातला. भाविकाला विचारून झालं, हरेशलाही, बुधीला तर शाळेच्या स्वयंपाकघरात जाऊन विचारलं. बुधी नुसती हसली आणि तिच्या ताटात भात वाढला. उत्तर अजून आलेलं नाही.

बारक्यादादा चावी देतात ती भरवशानं, की मालकाला ‘माझं माझ्याकडे’ म्हणायची सवय कधी लागलीच नाही म्हणून, हे त्यांना न दुखावता मी त्यांना कसं विचारू?